चारही चाकांचा ठराव

करंजखोरीच्या उत्तरेश्वरची एक खोड गावात सगळ्यांना ठाऊक होती. एखादी वस्तू बिघडली की त्याला आधी आनंद व्हायचा, वाईट मागाहून वाटायचं. चालती वस्तू कुणी उघडू देत नाही, बिघडलेली देतात, एवढंच त्याचं कारण. लग्नात मिळालेला कंदील त्यानं पहिल्याच महिन्यात सुटा केला होता, वात वरखाली करणारी किल्ली आतून कशी असते ते बघायला. कंदील पुन्हा जुळला, जळूही लागला, पण त्याची वात पुढं कधी खाली गेली नाही. त्याची सासू सावित्रीबाई आल्यागेल्याला ही गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायची, "आमचे जावईबापू लई हुशार. उजेड कमी करायचं तेवढं सोडून समदं येतंय त्यांला."

सावित्रीबाईला मुलगा नव्हता. नवरा गेल्यावर ती लेकीकडं, भिवराबाईकडं राहायला आली. जावयाच्या दारात खावं लागतं याची तिला आतून लाज होती आणि ती लाज ती जिभेनं झाकायची. उत्तरेश्वरला ते कळत होतं, म्हणून तो तिच्या बोलण्यावर कधी चिडला नाही. शिवाय त्याच्या खटपटी कान देऊन ऐकणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. भिवराबाईला वस्तू चालली म्हणजे झालं, ती कशी चालते याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. सावित्रीबाई मात्र सगळं ऐकून घ्यायची आणि मग टोमणा मारायची.

बालाघाटाच्या डोंगरावर, लिंबागणेशच्या अंगाला, घाट चढून आलं की करंजखोरी लागते. तिथल्या सोसायटीनं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं आणि ते सांभाळणं हे उत्तरेश्वरचं काम. बाहत्तरच्या साली विहिरीनं तळ दाखवला आणि इंजिन नुसतं पुसण्यापुरतं उरलं. निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांकडं निघून गेलं. मागं राहिली ती म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, थोडी जनावरं आणि खडी फोडायच्या कामावर जाणारे लोक.

पाणी घाटाखाली होतं, नदीच्या वाळूत खणलेल्या विहिरीत. ते वर आणायला सोसायटीचे चेअरमन आप्पाराव यांनी नगरच्या लिलावातून लष्करानं काढून टाकलेला एक ट्रक आणला. मोठ्या लढाईच्या काळातला, हिरवा, रानडुकरासारखं तोंड असलेला. त्याच्या पाठीवर दोन लोखंडी टाक्या बसवल्या. मालट्रकवर क्लीनर राहून ड्रायव्हर झालेला शहादेव त्याच्यावर नेमला. गावानं गाडीचं नाव 'मिलट्री' ठेवलं.

या गाडीत नेहमीच्या गिअरच्या दांडीशेजारी आणखी एक आखूड दांडी होती. ती पुढं ढकलली की इंजिनाचा जोर मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही जायचा. हा जोर वाटून देणारा एक छोटा गिअरबॉक्स गाडीच्या पोटाखाली होता. लिलावाच्या वेळी तिथल्या एका सुभेदारानं शहादेवला सांगितलं होतं, ही दांडी वाळूत नाहीतर चिखलात लावायची. शहादेवनं ते गावात सांगितलं आणि पारावर बसलेल्या सोसायटीच्या सभेत त्यावरून चर्चा निघाली.

"म्हंजे येरवी पुढची चाकं काय करत्यात?" रामकिसन नावाच्या सभासदानं विचारलं. रामकिसन बोलायला उभा राहिला की लोक बसून घेत, कारण तो लवकर खाली बसत नसे.

"नुसती फिरत्यात," शहादेव म्हणाला.

"जोर न लावता?"

"जोर न लावता."

"मग ही सोसायटी कशाची म्हणायची? मागच्यांनी ओढायचं अन् पुढच्यांनी वारं खात चालायचं. आसं दुसरीकडं चालत आसंल. हितं समदे सभासद सारखे हायत."

लोकांना हे पटलं. चार बैलांचा नांगर असताना दोन बैल मोकळे चालवायचे, असं कुणी केलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. आप्पारावांनी ठराव मांडला, मिलट्रीच्या चारही चाकांनी कायम ओढावं. सगळ्यांनी हात वर केले. उत्तरेश्वरनंही केला. दुसऱ्या दिवशी त्यानंच ती आखूड दांडी पुढं ढकलून तारेनं बांधून टाकली, शहादेवला मध्येच पुढच्या चाकांची दया यायला नको म्हणून.

पावसाळा कोरडा गेला, दिवाळी झाली, गाडी पाणी आणत राहिली. घाटाचा रस्ता तेव्हा मुरमाचा, भुसभुशीत होता. चाकं घसरायची, धुरळा उडायचा, पण मिलट्री कुरकुर न करता चढायची. मग दुष्काळी कामातून तो रस्ता पक्का करायचं ठरलं. गावच्याच बायाबापड्यांनी खडी फोडली, भिवराबाईनंही फोडली. बीडहून रोलर आला आणि संक्रांतीनंतर घाटाचा रस्ता असा टणक झाला की अनवाणी चालताना टाच दुखावी.

आणि रस्ता चांगला झाला तशी गाडी मोडायला लागली.

पहिल्यांदा वळणावर पोटाखालून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. मग एका दिवशी खाडकन् वाजलं आणि छोट्या गिअरबॉक्समधले दात तुटले. बीडच्या एसटी स्टँडजवळ गॅरेज असलेला रहीमखाँ मिस्त्री येऊन गेला. त्यानं जुन्या भंगारातली दातेरी चाकं आणून बसवली. गाडी चालली, आणि होळीच्या आधी पुन्हा त्याच जागी, तेच दात तुटले.

"ह्या गाडीला चांगला रस्ता सोसंना," शहादेव पारावर म्हणाला. "खाणीतल्या गाढवाला गादीवर निजवल्यागत झालंय."

सगळे हसले. उत्तरेश्वरही हसला, पण ते वाक्य त्याच्या डोक्यात कुसासारखं अडकून राहिलं.

दुसऱ्यांदा तो स्वतः बीडला गेला. रहीमखाँनं पोत्यात गुंडाळलेली दातेरी चाकं त्याच्यापुढं ठेवली. "हा जोड आखरी हाय, मियाँ. नगरच्या भंगारात आता दुसरा न्हाई, मी समदं धुंडून आलो."

"तुमी चला की, उस्ताद."

"माजी कमर गेली. घाट चढवत न्हाई. मागच्या टायमाला तू माज्या डोक्यावर बसून बगत हुतास न्हवं? इतकं बगितलंस की मला हात हलवायला जागा न्हवती. आता तूच खोल, तूच बसव."

गावात परत आला तो सभा झालेली होती. पुढच्या आठवडी बाजारापर्यंत मिलट्री रस्त्यावर आली तर ठीक. नाही आली तर उरलेल्या सगळ्या गावानं घाटाखालच्या दुष्काळी छावणीत उतरायचं आणि गाडी भंगारात द्यायची. यात कुणाचा दोष नव्हता. ओढ्यातल्या एका झऱ्यावर बाया वाट्या-वाट्यानं पाणी भरत होत्या आणि तो झराही आता बारीक होत चालला होता.

पण सावित्रीबाईला उतरता येणार नव्हतं. दिवाळीत ती न्हाणीत घसरून पडली होती आणि खुब्यात हाड मोडलं होतं. तिला बीडच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडीत घातलं, तर घाटाच्या पहिल्या वळणावरच तिची शुद्ध हरपली आणि गाडी माघारी फिरवावी लागली. हाडवैद्यानं नंतर सांगितलं, हिला आता हलवू नका, हलवली तर वाटेतच जाईल. तेव्हापासून ती दाराजवळच्या बाजेवर पडून होती.

सभेची बातमी तिला कळली तेव्हा ती म्हणाली, "मला काय, एक घागर भरून उशाशी ठिवा अन् जावा. घागर संपस्तवर मी हाय."

भिवराबाई भाकरी थापत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "गाव उतरंल. मी उतरत न्हाई."

 उत्तरेश्वरनं पोत्यातली चाकं उचलली आणि सोसायटीच्या गोदामापुढं लिंबाखाली गेला.

तो बॉक्स म्हणजे दोन माणसांना न उचलणारं ओझं. तो उतरवायला त्यानं आपल्या कोरड्या विहिरीवरचं मोटेचं चाक आणि नाडा काढून आणला, लिंबाच्या फांदीला टांगला, आणि शहादेव आणि रामकिसननं मोट हाकावी तसं मागं सरकत सरकत तो बॉक्स खाली सोडला. मग उत्तरेश्वरनं रॉकेलच्या डब्यात एकेक तुकडा धुतला आणि पोत्यावर मांडला, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं, ज्या तोंडानं बसला होता त्याच तोंडानं. कंदिलानं त्याला एवढी अक्कल दिली होती.

दुपारपर्यंत सगळं धुऊन झालं. आता नवी चाकं बसवायची, बेअरिंगं ठोकायची, झाकण लावायचं. पण उत्तरेश्वर तुटलेली चाकं हातात घेऊन बसला.

"बसव की बे," शहादेव म्हणाला. "काय आरसा हाय का त्यो?"

"ही तिसऱ्यांदा मोडली तर?"

"तर काय?"

"तर मग रहीमखाँकडं जोड न्हाई."

"म्हणून बसवायचीच न्हाई का?"

उत्तरेश्वरनं त्याला जवळ बोलावलं. "हे बग. बैलाचं जू मानेला जिथं घासतं तिथंच गुळगुळीत व्हतं का न्हाई? तसंच दाताचं. ज्या अंगानं दात रेटतो, ते अंग चकाकतं. मागच्या चाकांकडं जोर नेणारं हे चाक. ह्याचे दात ह्या अंगाला चकाकत्यात. बरोबर हाय, पुढं जाताना तिकडूनच रेटायला पायजे. आता हे पुढच्या चाकांकडं जाणारं. ह्याचे दात कुठं चकाकत्यात?"

शहादेवनं बोट फिरवलं. "पल्याड."

"उलट्या अंगाला. तू गाडी रिव्हर्समधी लई चालवतोस का?"

"मी काय घाट उलटा चढतो का बे?"

"मग पुढची चाकं ओढत न्हवती. पुढची चाकं मागं धरत व्हती." उत्तरेश्वरनं ते चाक पुन्हा उजेडात धरलं. चार चाकांनी ओढावं म्हणून ठराव केला, दांडी तारेनं बांधली, आणि त्यातली दोन इतके दिवस अडेल बैलासारखी मागं रेटत होती. का? आणि मुरमाच्या रस्त्यावर सहा-सात महिने ती अशी का वागली नाहीत?

त्या दिवशी त्यानं काहीच बसवलं नाही. पाण्यासाठी झऱ्यावर रांग लागली होती आणि तो गावभर हिंडत होता, तेव्हा लोकांनी त्याच्याकडं बघून तोंडं फिरवली. आप्पाराव वाटेत भेटले. "उत्तरेश्वर, सामान आलंय म्हणत्यात. मग काम कावून थांबलंय?"

"थांबलं न्हाई, आप्पा. इचार चाललाय."

"इचारानं टाकी भरत न्हाई," आप्पाराव म्हणाले आणि पुढं गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता, आणि तोच उत्तरेश्वरला जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ती दोन तुटकी चाकं घेऊन घराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. तिथं उजेड चांगला होता. सावित्रीबाई बाजेवरून बघत होती.

"काय जावईबापू, आज घरातच दुकान मांडलं?"

त्यानं तिला सगळं सांगितलं. दांडी, तार, उलट्या अंगाला चकाकणारे दात. सांगताना तो तिला समजावं म्हणून चाकांना बैल म्हणत गेला.

सावित्रीबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी खळ्यावर कणसं तुडवायला बैलांची पात धरली हाय का कधी?"

"धरली की. ल्हानपणी."

"माजा मालक खळ्यावर उभा ऱ्हायचा न्हाई. धूळ सोसायची न्हाई त्याला. चार बैलांची पात मीच फिरवायची. मधल्या खांबाजवळ कोणता बैल लावायचा?"

"म्हातारा."

"कावून?"

"त्याला कमी चालावं लागतं. तो जागच्या जागी फिरतो."

"अन् कडंला?"

"तरणा. त्याला लई चाल पडती."

"मग चौघांनी बरोबरीनंच पावलं टाकावी आसा तुमच्या सोसायटीनं ठराव केला तर?"

उत्तरेश्वर हसला. "कडंचा मागं पडंल. तो समद्यांना मागं वढील. दावं तुटंल."

"मग तुटलं की," सावित्रीबाई म्हणाली आणि कूस बदलता येत नव्हती म्हणून नुसती मान पलीकडं वळवली.

उत्तरेश्वर उठला तो चप्पल न घालताच रस्त्यानं निघाला. गावात शिरतानाच्या वळणावर खडीच्या कडेला धुरळा साचला होता आणि त्यात शेवटच्या खेपेच्या चाकोऱ्या अजून होत्या. तो गुडघ्यावर बसून बघू लागला. सरळ रस्त्यावर पुढच्या चाकाची खूण मागच्या चाकानं पुसलेली होती. वळणावर मात्र दोन खुणा वेगळ्या झाल्या होत्या. मागचं चाक आतून कापून गेलं होतं आणि पुढचं बाहेरून, लांबून गेलं होतं. प्रत्येक गाडीचं असंच होतं. हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं आणि कधी नीट बघितलं नव्हतं.

पुढच्यांना वळणावर जास्त चाल. पण आत, बॉक्समध्ये, पुढची आणि मागची एकाच दावणीला, एकाच चालीनं. मग भांडण होणारच. मुरमावर चाक जरासं घसरायचं आणि भांडण तिथंच मिटायचं. रोलर फिरलेल्या रस्त्यावर घसरायला जागाच नाही. रस्ता हटत नाही, रबर हटत नाही, मग हटतो तो दात.

 भिवराबाईनं फोडलेली खडी त्याच्या गुडघ्याला टोचत होती.

आता गाठ होती ती ठरावाशी. तार परस्पर काढली आणि गाडी मोडली, तर सगळं त्याच्या अंगावर येणार होतं. आणि शहादेव ठरावाबाहेर जाणारा माणूस नव्हता, त्याची नोकरी सोसायटीची होती. म्हणून उत्तरेश्वरनं आप्पारावांना निरोप दिला आणि ते येईपर्यंत गाडीच्या वळणावर बाहेर राहणाऱ्या अंगाच्या पुढच्या आणि मागच्या चाकावर, जमिनीला टेकतं तिथं, चुन्याचा एकेक पट्टा ओढला.

बॉक्स काढलेला असल्यामुळं चारही चाकं मोकळी होती. माणसं जमली. आधी सरळ रस्त्यावर सगळ्यांनी गाडी ढकलली. दोन्ही पट्टे बरोबरीनं वर गेले, बरोबरीनं खाली आले.

"बरं मग?" रामकिसन म्हणाला.

"आता वळणावर चला. शहादेव, स्टेरिंग पुरं मोड."

वळणावर गाडी जड लागली. लोक घामाघूम झाले. मागच्या चाकाचा पट्टा फिरत फिरत खाली टेकायला आला, तेव्हा पुढच्याचा टेकून केव्हाच पुढं निघाला होता. उत्तरेश्वरनं हात वर करून गाडी थांबवली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. जो तो वाकून एकदा पुढचं चाक बघत होता आणि एकदा मागचं.

"म्हंजे," रामकिसन सावकाश म्हणाला, "पुढची जास्त चालत व्हती. अन् आमी त्यांनाच फुकटी म्हणत व्हतो."

"तुमी म्हणत व्हता," शहादेव म्हणाला.

"हात तुजा बी वर व्हता बे."

उत्तरेश्वरनं सांगितलं, रस्त्यावर आखूड दांडी मागं घ्यायची, नदीच्या वाळूत तेवढी पुढं लावायची. मागची दोन चाकं घाट चढवतील, जोर पुरेल.

आप्पारावांनी टोपी काढून डोकं पुसलं. "तुजं म्हणणं खरं दिसतंय. पण ठराव समद्यांनी केलाय. आसा वळणावर उभं ऱ्हाऊन मोडता येत न्हाई."

"मग कुठं मोडता येतो?" हा आवाज भिवराबाईचा होता. ती झऱ्यावरून अर्धी घागर घेऊन येताना थांबली होती.

"पारावर. जिथं झाला तिथं."

"पार त्यो काय, दिसतोय. चाला की. पाणी आमी आणायचं अन् हात तुमी वर करायचे, तेवढं तरी बिगी बिगी करा."

सगळे पारावर गेले. रामकिसन बोलायला उभा राहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लवकर खाली बसला. वाळूत सगळ्यांनी, रस्त्यावर मागच्यांनी, असा नवा ठराव झाला. उत्तरेश्वरनं हात वर केला तो रॉकेलचा वास येणारा होता.

मग बसवणं सुरू झालं. बेअरिंग दांड्यावर सहज सरकावं म्हणून ते आधी तेलात तापवावं लागतं, हे त्यानं रहीमखाँला करताना पाहिलं होतं. त्यासाठी त्यानं घरातली कढई मागितली.

"हिच्यात मी पुन्ना पुऱ्या तळू का?" भिवराबाईनं विचारलं.

"गोडतेल लागंल त्याला आधी."

"म्हंजे न्हाईच," ती म्हणाली आणि कढई दिली.

तापलेलं बेअरिंग फडक्यानं धरून त्यानं दांड्यावर सोडलं. ते एखाद्या बांगडीसारखं घरंगळत जागेवर जाऊन बसलं आणि थंड होताच असं घट्ट झालं की जणू तिथंच उगवलं होतं. दात दातात घालताना त्यानं प्रत्येक चाक हातानं फिरवून पाहिलं. झाकणाखाली घालायला जुन्या पंचांगाच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग कापलं. दांडीची तार सोडली. मग मोटेच्या चाकावरून नाडा ओढून माणसांनी तो बॉक्स पुन्हा गाडीच्या पोटाला भिडवला आणि उत्तरेश्वर पाठीवर पडून बोल्ट आवळत राहिला.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी मिलट्री निघाली. उत्तरेश्वर शहादेवच्या बाजूला बसला. पायाखालची फळी त्यानं काढून ठेवली होती, खालचा बॉक्स दिसावा म्हणून. घाट उतरताना दोघंही पोटाखालचा आवाज ऐकत होते. नदीच्या वाळूत शहादेवनं दांडी पुढं लावली, गाडी चारही चाकांनी वाळू चावत विहिरीशी गेली, टाक्या भरल्या आणि ओझ्यानिशी पुन्हा रस्त्यावर आली. तिथं शहादेवनं दांडी मागं ओढली. ती निघेना.

त्यानं उत्तरेश्वरकडं बघितलं. "झालं तुजं समाधान?"

 घाट समोर होता आणि दांडी अडकलेली. अशीच चढवली तर पहिल्या वळणावर आखरी जोडही जाणार. उत्तरेश्वरनं फळीच्या भोकातून खाली बघत विचार केला. भांडणारे एकमेकांना धरून बसले असतील तर त्यांना जरा मागं घ्यायला पाहिजे.

"हातभर मागं घे," तो म्हणाला. "हळू."

गाडी हातभर मागं आली. दांडी खट् करून आपसूक सुटली.

मग घाट. पहिलं वळण आलं, जिथं नेहमी कण्हणं सुरू व्हायचं. उत्तरेश्वरनं खाली वाकून झाकणावर तळहात टेकवला. इंजिन ओरडत होतं, टाक्यांतलं पाणी डचमळत होतं, पण हाताखाली नुसती एकसारखी थरथर होती. दुसरं वळण गेलं. झाकण कोमट झालं, पण हात टेकवून ठेवता येत होता. शहादेव वळणावर पूर्वी दातओठ खाऊन स्टेरिंग ओढायचा, आता ते हलकं झालं होतं. त्यानं एक हात सोडून कपाळ पुसलं आणि म्हणाला, "गाडी मऊ झाली बे."

पारापाशी बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. गाडी थांबली. तोटी सोडल्याचा आवाज तेवढा झाला.

गाव उतरलं नाही. मिलट्रीनं पुढचा पावसाळा येईपर्यंत पाणी आणलं आणि नंतरही काही वर्षं सोसायटीची बियाणं वाहिली. उत्तरेश्वर पुढं माजलगावकडच्या एका साखर कारखान्याच्या गॅरेजात कामाला लागला. तिथं त्याला लोक थोडे कंटाळायचे, कारण बिघाड दुरुस्त झाल्यावरही तो उठायचा नाही, झाला कशामुळं ते विचारत बसायचा. सावित्रीबाई आणखी दीड-दोन वर्षं जगली आणि आपल्या बाजेवरच गेली. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी भिवराबाईनं पहिली घागर घरात आणली, आईला तांब्याभर पाणी पाजलं आणि उरलेल्यात फडकं भिजवून तिचं तोंड, मान, हात पुसले. उत्तरेश्वर तेलानं माखलेला दारात उभा होता. सावित्रीबाई डोळे मिटून पडली होती. झोप लागली असं वाटून तो वळला, तेवढ्यात तिनं हाक मारली.

"जावईबापू, नदीच्या वाळूत चारी लावता म्हणं. मग तितं कशी भांडत न्हाईत ती?"

"वाळू सरकती ना, मामी. चाक जरासं घसरतं."

"मग मऊ जमिनीवर समद्यांनी मिळून वढायचं, अन् टणक जमिनीवर न्हाई?"

"आसंच दिसतंय."

तिनं मान त्याच्याकडं वळवली. मग म्हणाली, "ही उलटी तऱ्हा हाय. बसा जरा. मला नीट सांगा."

उत्तरेश्वरनं हात धोतराला पुसले आणि तो बाजेजवळ जमिनीवर बसला.